चिमणीच्या दातांनी

माझा धंदा बुडवायचा विडा माझ्याच बायकोने उचलला आहे, असं मी आल्यागेल्याला सांगतो. मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतून मी जबडे काढतो, मेणात एकेक दात रोवतो आणि बोळक्या तोंडांना पुन्हा हसायची सोय करून देतो. बायको संशोधक. लोकांचे दात मुळात किडूच नयेत म्हणून ती रोज सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जाते. तिचं साधलं तर मी बसलो हात चोळत. "तुझ्या हयातीत तरी तसं काही होत नाही, निर्धास्त राहा," असं ती म्हणते. धीर द्यायची ही तिची पद्धत आहे.

तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. आपल्या प्रत्येकाच्या तोंडात जंतूंची भलीमोठी वस्ती असते. त्यातले काही दात किडवणारे. आपण गोड खाल्लं की ते त्यावर ताव मारतात, त्याचं आम्ल करतात आणि दात पोखरत बसतात. पण त्याच वस्तीत असेही काही जंतू असतात जे एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात, आणि ते प्रथिन नेमका या किडवणाऱ्यांचा निकाल लावतं. दाताला, हिरडीला, माणसाला काही इजा नाही. असे जंतू माझी बायको शोधते. शोधायची रीत तशी साधी आहे. एका चपट्या पारदर्शक बशीत घट्ट खळीसारखं खाद्य ओतायचं, त्यावर किडवणाऱ्या जंतूंचा थर पसरायचा आणि मधोमध कुणाच्या तरी लाळेतून वेगळ्या काढलेल्या जंतूंचा एक ठिपका ठेवायचा. मग बशी उबेत ठेवून वाट बघायची. काच धुक्याने भरावी तशी सगळी बशी पांढुरकी होते. ठिपका कामाचा नसेल तर तो पांढरा थर थेट त्याच्या अंगाला येऊन भिडतो. कामाचा असेल तर त्याच्याभोवती एक स्वच्छ कडं उमटतं, आरपार दिसणारं, कारण तिथे शत्रूपैकी कुणी जगलेलंच नसतं. त्या कड्यापायी बायकोने ऐन उमेदीची वर्षं घातली आहेत.

आता आईबद्दल. माझी आई, म्हणजे तिची सासू, जन्मभर शिवणकाम करत आली. कात्री तिने कापडापुरती ठेवली होती. दोरा ती दातानेच तोडायची. अक्रोड दाताने फोडायची, बाटलीचं घट्ट बूच दाताने ओढायची. तिच्या एकाही दाताला कधी कीड लागली नाही आणि हे ती कुणाला विसरू द्यायची नाही. "तुझं एक गिऱ्हाईक कायमचं गेलं बरं का," असं ती मला येताजाता ऐकवायची. माझ्या स्वतःच्या दातांचं म्हणाल तर न विचारलेलं बरं. माझ्या तोंडात दाढा कमी आणि डॉक्टरांनी भरलेलं सिमेंट जास्त आहे.

आमची मुलगी झाली तेव्हा बायकोने घरात एक नियम केला. मुलीचं पाळण्यातलं नाव चांगलं ऐटबाज आहे, पण आम्ही सगळे तिला ठकूच म्हणतो. तर नियम असा, की ठकूला कुणाचंही उष्टं द्यायचं नाही. तिच्या चमच्यातलं चाखून बघायचं नाही, फुंकर मारायची नाही, तोंडाचा पापा घ्यायचा नाही. दात किडवणारे जंतू बाळ जन्माला येताना बरोबर आणत नाही. ते त्याला घरातल्या मोठ्यांच्या तोंडातून मिळतात. नियम ऐकून आईचा चेहरा उतरला. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? ह्याला मीच माझ्या ताटातलं भरवलंय," ती म्हणाली.

"आणि ह्याचे दात बघा," बायको म्हणाली.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून घेतलं. आईने शब्द दिला, "बरं बाई, नाही देणार." आणि आईने दिलेला शब्द म्हणजे शिलाईची दुहेरी टीप, उसवायची नाही. ठकूला भरवताना ती स्वतःचं तोंड एका बाजूला वळवून बसायची.

पुढे ठकू रांगायला लागली त्या सुमारास बायकोला नमुने कमी पडत होते. आपल्या तोंडात लाळ टिपायची कापसाची काडी घालू द्यायला लोक तयार होत नाहीत. म्हणून तिने घरापासून सुरुवात केली. स्वतःचा, माझा आणि आईचा नमुना घेतला. ठकूचा घेतला नाही. लहान मुलांच्या नमुन्यांसाठी निराळ्या परवानग्या काढाव्या लागतात. माझ्या ठिपक्याचा फोटो तिने मला दाखवला. शत्रूने त्याच्या अंगणात तंबू ठोकले होते. तिच्या स्वतःच्या ठिपक्याचीही काही मोठी शोभा नव्हती. मग तिने आईच्या ठिपक्याचा फोटो पुढे केला. ठिपक्याभोवतीचं कडं एवढं रुंद होतं, की मला आधी वाटलं बशीच फुटली आहे.

"आई, असं कडं मी आजवर बघितलं नव्हतं," बायको म्हणाली.

आईने फोटो लांब धरला, जवळ धरला. "म्हणजे माझ्या तोंडात फौज आहे म्हण की."

"फौजच आहे."

त्या दिवसापासून आईची मान ताठ झाली. गल्लीतल्या भाजीवालीला, जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीला, फोनवर मावशीला, सगळ्यांना तिच्या फौजेची खबर गेली. मला जरा हेवा वाटला. मी तिचा पोटचा, मला ही फौज का नाही? बायकोने कारण सांगितलं. लहानपणी माझा कान फुटायचा आणि मला सारखी जंतू मारणारी औषधं दिली जायची. ती औषधं चांगला आणि वाईट असं बघत नाहीत, सरसकट झाडू मारतात. मग मी म्हटलं, आता तरी आईला ठकूला उष्टं भरवू दे. बायको म्हणाली, चांगल्यांच्या जोडीने दुसरेही जातात, आणि कोण टिकेल ते आपल्या हातात नाही. नियम तो नियम. ती एकदा असं म्हणाली की तिच्यापुढे शहाण्याने वाद घालू नये, मी तर घालतच नाही.

वर्षं गेली. बायकोचं सगळं काम आता आईच्याच जंतूंवर चाललं होतं. ते प्रथिन कसं बनतं, किती टिकतं, त्याची गोळी करून मुलांना चघळायला देता येईल का, असलं बरंच काही. ठकू शाळेत जायला लागली, तिचे पुढचे दात पडले आणि ती सगळं बोबडं बोलायला लागली. सफरचंद कापून दिलेलं तिला चालायचं नाही, अख्खंच हवं असायचं, आणि ते चावता येईना म्हणून ती घर डोक्यावर घ्यायची. मग आई तिला घेऊन शिलाई मशीनपाशी जायची आणि थोड्या वेळात सगळं शांत व्हायचं. आई कशी समजूत घालते हे मी कधी विचारलं नाही. मूल गप्प झालं की बापाला तेवढं पुरतं.

आणि मग आईला ताप आला. जबडा सुजला. रक्तातली साखर वाढलेली निघाली. ती कधीपासून वाढत होती कोण जाणे. दातांना कीड नव्हती, पण आतल्या आत हिरड्यांनी दगा दिला होता आणि पू हाडापर्यंत गेला होता. इस्पितळात तिला शिरेतून औषधं चालू होती. जीव वाचला, दात नाही वाचले. सगळे काढावे लागले. अक्रोड फोडणारे, दोरा तोडणारे ते दात एका स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेले मी बघितले, आणि एकालाही कीड नव्हती.

घरी आल्यावर आई तोंडावर हात धरूनच बोलायची. फोन आला तरी घ्यायची नाही. मी तिची कवळी करायला घेतली आणि माझे हात चालेनात. माझ्या हाताखालून किती तोंडं गेली, मी कधी अडलो नव्हतो. दातांच्या रंगांची पट्टी घेऊन बसलो तर रंग ठरेना. आईचा वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता, आधीपासून, मी तिला ओळखायला लागलो तेव्हापासून. मेणात मी तो तसाच चढवून रोवला. कवळी बसवून तिने आरशात बघितलं, आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"हा वाकडा कशाला ठेवलास? फुकटात सरळ झाला असता की."

"तुझाच आहे तो."

तिने जिभेने तो दात चाचपला. "झाले शेवटी तुझं गिऱ्हाईक," ती म्हणाली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिच्यापासून काय लपवायचं!

बायकोने पुन्हा तिचा नमुना घेतला. कडं नव्हतं. इस्पितळातल्या औषधांनी फौजेलाही झाडू मारला होता. आईने ते ऐकून घेतलं, रुमालाने डोळे पुसले आणि विचारलं, "पण तुझ्या फ्रीजमध्ये आहेत ना माझे?"

"आहेत आई. उणे ऐंशी अंशांवर गाढ झोपलेत."

"मग झालं तर. दात गेले, फौज आहे." आणि पहिल्यांदाच तिने तोंडावरचा हात खाली घेतला. त्यानंतर भाजीवालीशी बोलतानाही ती हात धरेनाशी झाली. दातांचा विषय निघाला की म्हणायची, "माझे सैनिक आहेत ना सूनबाईकडे, बर्फात ठेवलेत."

आईने ते कडं प्रत्यक्ष कधीच बघितलं नव्हतं, फोटोतच काय ते. बायकोची प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार होती. "तिथे गेलो की ताजी बशी करते आणि तुम्हाला दाखवायला नेते," असं बायकोने कबूल केलं होतं. आई कामाला लागली. डोळ्यांचा नंबर तपासून घेतला, नवा चष्मा केला. एवढंसं कडं, नीट दिसायला नको का, हे तिचं म्हणणं.

हलवाहलवी झाली आणि एका दुपारी बायको अवेळी माझ्या कामाच्या खोलीत आली. प्लास्टरने माखलेल्या स्टुलावर तशीच बसली. एरवी ती कपड्यांना इतकी जपते. मी मशीन बंद केलं.

"आईंचे गेले," ती म्हणाली.

हळूहळू सगळं कळलं. एरवी त्या जंतूंच्या नळ्या दोन पेट्यांत, दोन वेगळ्या फ्रीजमध्ये असायच्या. सामान हलवायच्या धांदलीत तिने दोन्ही पेट्या एकाच फ्रीजमध्ये ठेवल्या, दोन दिवसांपुरत्या. रंगाऱ्यांनी आपल्या यंत्रासाठी नेमका त्याच फ्रीजचा प्लग काढला. पुढे सुट्ट्या आल्या. दार उघडलं तेव्हा आत कोमट पाणी होतं. काही नळ्यांतले दुसऱ्यांचे जंतू पुन्हा उगवले. आईच्या एकाही नळीतलं उगवलं नाही.

"पण त्या प्रथिनाची सगळी माहिती आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"माहिती आहे. जंतू नाहीत. भिंतीवर फोटो असला म्हणजे माणूस घरात असतो का?"

ती रडायला लागली. मी हात पुसले, तरी तिच्या पाठीवर पांढरे पंजे उमटलेच. "कामाचं मी बघीन रे," ती म्हणाली. "पुन्हा कुणीतरी सापडेल, दहा वर्षांनी का होईना. पण आईंना काय सांगू? त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. मी सांगितलं की त्यांचा हात पुन्हा तोंडावर जाणार."

आम्ही सांगितलं नाही. मी थापा मारायला लागलो: इमारतीत वीज आली नाही, लिफ्ट चालू नाही, बाहेरच्यांना अजून आत सोडत नाहीत. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, तरी आईने विश्वास ठेवला, नाहीतर तसं दाखवलं. बायको अधूनमधून "जरा तपासायचंय" म्हणून तिच्या तोंडात काडी फिरवायची. एखादा तरी कुठे जिभेच्या मागे लपून राहिला असेल, ही आशा. आई डोळे मिटून, मोठ्या तोऱ्यात तोंड उघडायची. दोन दिवसांनी बायको घरी आली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि काही विचारायचो नाही. आई मात्र रोज चष्मा पुसून ठेवायची.

अशाच एका दुपारी मी घरीच होतो. ठकू शाळेतून आली. तिचे पुढचे नवे दात आता पुरते आले होते, तोंडाच्या मानाने जरा मोठेच, सशासारखे. तिने सफरचंद घेतलं, आजीच्या मशीनवरचा शिवलेला रुमाल उचलला, सफरचंदावर तो घट्ट ताणून धरला आणि कापडावरूनच कचकन चावा घेतला. रुमालात फोड तुटून आली. ती तिने आजीला दिली. आईने ती कवळीच्या दाढांखाली ठेवली आणि सावकाश चावायला लागली. कवळीने पुढून चावा घेता येत नाही, ती निसटते; हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"चिमणीच्या दातांनी देतेय," ठकू म्हणाली. "आजीला चावता येत नाही ना आता. आजपासून माझी पाळी."

"पाळी म्हणजे?"

"माझे दात पडले होते तेव्हा आजी द्यायची मला. रोज. तू कसा रे बाबा, तुला काहीच माहीत नसतं."

मी आईकडे बघितलं. ती घाईघाईने म्हणाली, "उष्टं नाही हं दिलं! कापडावरून तोडलेलं उष्टं नसतं. आम्ही शाळेत पेरू असाच वाटून खायचो. सूनबाईला दिलेला शब्द मी मोडलेला नाही."

मला हसू आवरेना. शाळकरी पोरीपोरींचा कायदा आईने संशोधक सुनेच्या नियमाला लावला होता, आणि तोही अगदी मनापासून पाळला होता. बिचारा रुमाल दोन्ही बाजूंनी भिजून चिंब झाला होता.

संध्याकाळी आई जरा आडवी झाली होती तेव्हा मी हे बायकोला सांगितलं. तिला हसवावं म्हणूनच सांगितलं, कारण बऱ्याच दिवसांत ती हसली नव्हती. "तुझा नियम आई कसा पाळायची ऐक," अशी सुरुवात केली आणि चिमणीच्या दातांची गोष्ट रंगवून सांगितली. ती हसली नाही. हातातला डाव तसाच हवेत राहिला.

"ठकू, इकडे ये," ती म्हणाली. "आजी फोड द्यायची तेव्हा रुमाल ओला असायचा?"

"असायचाच ना. रस असायचा, थुंकी असायची. मी फोड खाऊन झाली की रुमाल चोखायचे. गोड लागायचा." मग तिला आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो असं वाटलं असावं. "आई, आजीला रागावू नको हं."

बायकोने तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. "हिच्यात असतील?" मी विचारलं.

"नसतीलही. आले असले तरी टिकायला हवेत." पण तिचे डोळे चमकत होते. "जंतूला चिमणीचे दात कळत नाहीत रे. ओलं कापड म्हणजे त्याला सरळ रस्ता."

ठकूचा नमुना घ्यायला परवानगी काढावी लागली, स्वतःच्या मुलीचा असला तरी. त्यात दिवस गेले. तेवढ्या दिवसांत बायको भाजीत मीठ घालायला विसरली, दोनदा घातलं असंही झालं, आणि आम्ही मुकाट जेवलो. मग एकदाची काडी ठकूच्या तोंडात फिरली. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. नाही निघालं तर तिला एकाच वेळी दोन धक्के नकोत.

मी एका कवळीला पॉलिश करत होतो तेव्हा फोन आला. "ये," बायको म्हणाली. "आईंना घेऊन ये. शाळेतून ठकूलाही घे." आवाजावरून काही कळेना. मी विचारायच्या आत तिने फोन ठेवला.

आईने नवा चष्मा डब्यातून काढला. रिक्षात ती सारखी विचारत होती, "आली वाटतं वीज? लिफ्ट झाली वाटतं?" मी "हो, हो" म्हणत राहिलो. माझे कान जळत होते. कडं दिसणार आहे की बायको सगळं सांगून मोकळी होणार आहे, मला ठाऊक नव्हतं.

प्रयोगशाळेत नव्या रंगाचा वास येत होता. बायकोने आईला उंच खुर्चीवर बसवलं, उबेच्या कपाटातून एक बशी आणली आणि दिव्यासमोर धरली. पांढुरक्या थरात मधोमध एक ठिपका होता. त्याच्याभोवती रुंद, लख्ख कडं. पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती. मी ठकूचा खांदा इतका दाबला की ती "ओय" म्हणाली.

आई पुढे झुकली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "केवढं हे!" ती म्हणाली. "फोटोत काहीच कळत नाही. हे सगळे माझे?"

मी बायकोला डोळ्यांनी खुणावलं, की नको, "हो" म्हण आणि सोडून दे. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातमोजे काढून ठेवले.

"आई, मी तुमच्याशी खोटं वागले. तुमचे फ्रीजमधले गेले. माझ्या हातून गेले, केव्हाच. हे ठकूच्या तोंडातले आहेत. मी सगळं जुळवून बघितलं, तेच आहेत, तुमचेच. सफरचंदाबरोबर तिच्याकडे गेले."

आईचा हात हळूहळू वर आला आणि तोंडावर गेला. मला वाटलं, झालं, ज्याची भीती होती तेच झालं.

"म्हणजे उष्टं होतं ते," आई हाताआडून म्हणाली.

"अं?"

"अगं, उष्टं दिलं मी पोरीला. इतके दिवस. तुला शब्द दिला होता." तिचा चेहरा शाळेत चूक पकडली गेलेल्या मुलीसारखा झाला होता. "मला खरंच वाटलं गं, की कापडावरून चालतं. मी मुद्दाम नाही केलं."

बायकोने बशी खाली ठेवली. आईचा तो हात तिने दोन्ही हातांनी धरून तोंडावरून खाली घेतला आणि तसाच धरून ठेवला. ती हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. "आई, तुम्ही शब्द नीट पाळला असतात ना, तर आज माझ्याकडे काही उरलं नसतं. तुमच्यातलं काहीच उरलं नसतं."

"पण मी पाळलाच होता," आई म्हणाली. एवढं झालं तरी तिला ते मान्य होईना.

"हो आई. पाळला होता."

ठकूने बशीकडे नाक नेलं. "हे माझ्यात राहतात? आणि आधी आजीत राहायचे?" मग तिने जीभ बाहेर काढून ती बघायचा प्रयत्न केला, डोळे नाकाशी आणून. आईला हसू फुटलं. कवळीतला वाकडा दात दिसला. ती पुन्हा चष्मा सावरून बशीवर वाकली आणि ठकूला जवळ घेऊन बघत राहिली. आम्ही तिथून निघावं असं तिला वाटेनाच.

नंतर आम्ही चौघं खाली अंगणातल्या बाकावर बसलो. बायको म्हणाली, जरा मोकळ्या हवेत बसते, मग वर जाते. ऊन सौम्य होतं. ठकूने दप्तरातून डब्यातलं राहिलेलं सफरचंद काढलं आणि खिशातून आजीचा रुमाल. सफरचंदावर तो नीट ताणला आणि तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्या बायकोकडे गेली, आणि ती तशीच थांबली, दात कापडावर टेकवून. आजीनेही चोरासारखं तोंड दुसरीकडे फिरवलं.

बायकोने हात पुढे केला आणि सफरचंदावरचा रुमाल अलगद काढून घेतला. घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

"तशीच दे आजीला," ती म्हणाली.

"उष्टं होईल ना पण!"

"होऊ दे."

ठकूने मोठा चावा घेतला. आईने चष्म्याआडचे डोळे मिटले, आणि तोंड उघडलं.